डबा न उघडणारे सर

आमच्या सरांना चहा द्यायचा म्हणजे हॉटेलवाल्याची परीक्षाच असायची. परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी लागते, तिच्या समोरच एक पत्र्याचं हॉटेल आहे. सर वर्षानुवर्षं तिथंच चहा पीत. आता इतकी वर्षं एकाच ठिकाणी चहा पिणाऱ्या माणसाला हॉटेलवाला काय विचारणार? "सर, नेहमीचा का?" एवढंच. आणि तिथंच गाडी अडायची.

"नेहमीचा म्हंजे कुणाचा नेहमीचा?" सर विचारत.

"तुमचाच की सर."

"माझा म्हंजे मी पितो तो, का तुमी देता तो? मी पितो कमी साखरेचा. तुमी समद्यांना एकाच पातेल्यातला देता. मग ह्यातला नेहमीचा कंचा?"

हॉटेलवाला हताश होऊन आमच्याकडं बघायचा. आम्ही कॉलेजची पोरंपोरी एसटीची वाट बघत तिथं उभी असायचो, आणि हे आमचेच सर आहेत हे कबूल करायला कुणी तयार नसायचं. शेवटी तो साधा चहा आणून ठेवायचा, सर तो साखरेसकट पिऊन टाकायचे आणि "गोड झालाय" म्हणायचे. तक्रार नाही, काही नाही. मग एवढा वाद कशासाठी घातला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही पक्कं कळलंय असं नाही.

सर आम्हाला कंप्युटर शिकवायचे. खिशात पेनाऐवजी खडू ठेवायचे, त्यामुळं शर्टाच्या डाव्या अंगाला कायम पांढरा डाग. पायात चिखल लागलेल्या चपला, मोपेडवर पुढं पेंडीचं पोतं आणि पोत्यावर लॅपटॉपची बॅग. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या शेजारच्याच गावात थोरल्या भावाच्या घरी राहत. भावाला ते अण्णा म्हणत, आणि दुपारचा डबा वहिनीच्या हातचा यायचा. फंक्शनल प्रोग्रामिंग नावाचा एक ऐच्छिक विषय त्यांनी मागं लागून लागून कॉलेजात सुरू करवून घेतला होता. मी तो का घेतला, हे विचाराल तर दुसऱ्या ऐच्छिक विषयाचा तास संपेपर्यंत आमच्या गावची एसटी निघून जायची. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती.

पहिल्याच आठवड्यात सरांनी माझा डबा उचलला. मी पहिल्या बाकावर बसायचे, तेव्हा हाताशी तोच सापडला.

"हा डबा," सर म्हणाले. "ह्यात काय हाय मला ठाऊक न्हाय, आन् ठाऊक करून बी घ्यायचं न्हाय. उघडायला बंदी हाय. आता सांगा, मी ह्याचं काय करू शकतो?"

"खा सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"उघडल्याबिगर कसा खाऊ?"

"फेकून द्या."

"फेकल्यावर परत काय देऊ? मला डबा परत द्यायचाय. आन् नवा डबा कुठनं पैदा करणार?"

"हलवून बघा सर, आवाजावरनं कळंल."

"हलवायचा न्हाय!" सर असे खेकसले की दारातलं कुत्रं उठून गेलं.

तास तसाच चालला. सर डबा हातात धरून उभे, आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघतोय. शेवटी कंटाळून एक जण म्हणाला, "मग द्या सर, तसाच परत." सर उडी मारायचेच बाकी राहिले. "हां! दुसरं काही करताच येत न्हाय! आत काय हाय ते फंक्शनला कळत न्हाय, म्हणून भाकरीचा डबा असो का खिळ्यांचा, ते समद्यांशी एकसारखंच वागतं. ह्याला पॉलिमॉर्फिक म्हणत्यात." मग माझा डबा माझ्यापुढं ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "ज्याला आतलं दिसत न्हाय त्याला भेदभाव करताच येत न्हाय. ही चांगुलपणाची गोष्ट न्हाय बरं का. ही टाइपची गोष्ट हाय."

परीक्षेत एकानं उत्तर लिहिलं, 'पॉलिमॉर्फिक म्हणजे दुसऱ्याचा डबा न उघडणे.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले. आम्ही बाकीच्यांनी पुस्तकातली व्याख्या पाठ करून लिहिली होती, आम्हाला निम्मे मिळाले. न्याय म्हणून काही असतो की नाही?

पण ते चांगुलपणाचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आमच्याकडं नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव. आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, ज्याचं त्याला कळतं. आमचं घर बौद्धांचं, गावाच्या कडेला. शाळेत मला त्याचा अनुभव पुरेसा आला होता, म्हणून कॉलेजात मी वहीवर नुसतं नाव घालायचे आणि कुणी पुढचं विचारलं की एसटी आली म्हणून निघायचे. सर हजेरीलासुद्धा फक्त पहिलं नाव घेत. वर्गात दोन पूजा होत्या, दोघी एकदम हजर म्हणत. सर म्हणायचे, "चालतंय, कुणीतरी हाय." दोघींपैकी एक आली तरी दोघींची लागायची. माझ्या मनात आलं, हा माणूस डबा उघडत नाही तो नाहीच. मला तिथं फार बरं वाटायचं.

दुसरा गोंधळ इम्प्लिसिट पॅरामीटरचा. त्याची गोष्ट सरांनी मिठापासून सुरू केली.

"आई म्हणती, जा, मीठ आण. कंच्या दुकानातनं ते सांगती का? न्हाय. घरात समद्यांना ठाऊक असतं. ते हवेत असतं. प्रोग्रामात बी असं करता येतं. एखादी गोष्ट दर वेळी हातात द्यायची न्हाय, हवेत सोडून द्यायची. ज्याला लागंल तो घेईल. फकस्त तिच्या नावाआधी प्रश्नचिन्ह घालायचं."

मी हात वर केला. "सर, समजा मी लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेले, आन् आईनं तवा सांगितलेलं मीठ तिथं आणायला निघाले. तर दुकान कुठलं? आईच्या गावातलं का माझ्या?"

सर खुर्चीत बसले. कधी नव्हे ते बसले. मग म्हणाले, "तू पास." आणि पुस्तकं उचलून निघून गेले. मी धावत मागं गेले, "सर, पण उत्तर?" तर मोपेड सुरू करता करता म्हणाले, "खरी मेख तिथंच हाय. म्हणून सांगतो, प्रत्येक नावाच्या डोक्यावर त्याचा टाइप लिहीत जावा. ही वस्तू कसली हाय, कशावर अवलंबून हाय ते एका ओळीत लिहायचं. नाही लिहिलं तर कंप्युटर आपल्या मनानं धरून चालतो, आन् सांगत बी न्हाय." ही एक ओळ लिहिली नाही तर ते आमची प्रॅक्टिकलची वही खिडकीतून बाहेर टाकायचे. खिडकीखाली बाभळी होत्या, म्हणून ही ओळ कुणी विसरायचं नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण त्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

आमच्या दोन गावांना मिळून कालव्याची एक चारी आहे. चारीच्या तोंडाशी, म्हणजे हेडला, सरांच्या अण्णांचा ऊस. आणि चारी जिथं संपते त्या टेलला आमचं रान. धरणातून पाणी सुटलं की आधी हेडवाले भरून घेत, मग मधले, आणि आमच्यापर्यंत यायच्या आत वरून पाणी बंद व्हायचं. त्या वर्षी आमची ज्वारी पोटरीत आली होती, कणीस बाहेर पडायच्या बेताला होतं, आणि जमीन भेगाळायला लागली होती. आबा, म्हणजे माझे वडील, रोज बांधावरून येऊन एकच वाक्य बोलायचे. "येक पाणी मिळालं तर दाणा भरंल. न्हायतर नुसता कडबा." आमच्या घरचं वर्षाचं खाणं त्या एका पाण्यावर होतं.

टेलवाल्यांनी लई ओरडा केल्यावर पाणी वापर संस्थेच्या बैठकीत ठराव झाला, की ह्या खेपेला पाणी टेलपासून वर भरत आणायचं. सगळ्यांनी सह्या केल्या. कुणाची पाळी कधी, किती वेळ, हे काढणारा प्रोग्राम सरांनीच करून दिलेला होता. पूर्वी पाळीवरून काठ्या निघायच्या, त्या प्रोग्राम आल्यापासून बंद झाल्या होत्या. ठरावाप्रमाणं सरांनी प्रोग्रामात सुरुवात हेडची टेल केली, कागद निघाला, आणि चेअरमनांनी तो संस्थेच्या दारावर लावला. वाचलं तर अण्णांचा ऊस पहिला आणि आम्ही शेवटी.

"म्या काय करू?" चेअरमन म्हणाले. "कंप्युटरनं काढलंय."

आबा घरी आले आणि चपला काढायच्या आधी मला म्हणाले, "तुझ्या सरानं काढलंय म्हणं." मला इतका संताप आला की रडूच आलं. डबा न उघडणारे सर! भावाचा ऊस आला की लगेच झाकण निघालं, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये जाऊन सरांना सरळ म्हटलं, "सर, तुमच्या अण्णांचा ऊस पहिला लागलाय."

"न्हाय," सर म्हणाले. "टेल पहिलं. मी लिहिलंय." त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्याकडं वळवला. लिहिलेलं होतं. सुरुवात बरोबर टेल. प्रश्नचिन्हासकट. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी प्रोग्राम चालवला, आणि खाली अण्णांचं नाव पहिलं आलं. पुन्हा चालवला. पुन्हा अण्णा. सरांच्या कपाळावर घाम आला, तो त्यांनी खडूच्या हातानं पुसला.

मग ते पडद्यावर एकेक ओळ वर जात एका ओळीवर थांबले. तिथं पाळ्यांचा क्रम लावलेला होता, आणि त्याच्या डोक्यावर ती टाइपची ओळ नव्हती.

"बघ हितं," सर म्हणाले. "हा क्रम लिहिला तवा भवताली काय होतं? हेड. कायमचंच. मी लिहिलंच न्हाय की हा क्रम सुरुवातीवर अवलंबून हाय, म्हणून कंप्युटरनं तवाच्या तवा हेड धरून ठेवलं. खाली मी टेल म्हणून वरडतोय, पर क्रमाच्या कानावर ते गेलंच न्हाय."

"म्हंजे मीठ आईच्या गावातनं आलं?"

"आईच्या गावातनं," सर म्हणाले. त्यांनी ती एक ओळ लिहिली. हा क्रम सुरुवातीवर अवलंबून आहे, बस एवढंच. एक आकडा बदलला नाही, एक नाव हलवलं नाही. प्रोग्राम चालवला आणि आबांचं नाव पहिलं आलं. अण्णांचं सगळ्यात खाली.

"पण सर, तुम्ही नवीन काय सांगितलं त्याला?"

"काहीच न्हाय. समदे जे धरून चालले होते ते नुसतं तोंडानं म्हटलं."

मी आज पुण्यात ह्याच कामाचा पगार घेते आणि कंप्युटर तिथं असं का वागला, ते समोरच्याला नीट समजावून सांगू शकते. पण आम्हाला बाभळीत वह्या टाकणारा हा माणूस नेमकी तीच ओळ स्वतः कशी विसरला, हे मला अजून उलगडलेलं नाही. विसरला, की त्याच्याही हवेत हेडच होतं?

त्याच संध्याकाळी संस्थेच्या ओट्यावर सगळे जमले, कारण पाणी सकाळी सुटणार होतं. हेडवाले सतरंजीवर बसले, टेलवाले पायऱ्यांवर उभे. कुणी तसं सांगितलं नव्हतं, बसतात तसेच बसले. सरांनी नवा कागद पुढं ठेवला.

चेअरमन म्हणाले, "सर, येकदा कागद लागल्यावर बदलता येत न्हाय. लोक म्हणत्याल, सरांनी इद्यार्थिनीसाठी हात घातला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सतरंजीवरून कुणीतरी "त्यांच्यासाठी" एवढंच म्हणालं आणि थांबलं. पुढचं त्यानं हवेत सोडलं. मला ते बरोबर मिळालं.

मग सरांनी समजावून सांगायला घेतलं. आधी चहाची गोष्ट सांगितली, मग मिठाची, मग डब्याची. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं जांभई दिली. एक म्हातारे म्हणाले, "सर, मिठाचं न्हाय, पाण्याचं बोला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची ज्वारी ह्या माणसाच्या हातात, आणि हा माणूस पातेल्यातल्या साखरेबद्दल बोलतोय!

सर थांबले. खिशातला खडू काढून हातात फिरवायला लागले. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "ठराव टेलपासनंचा. कागद निघाला हेडपासनंचा. दारावर लागला, समद्यांनी वाचला. हेडच्या एकालाही तो चुकलाय असं वाटलं न्हाय. का वं?"

सतरंजीवर कुणीतरी तंबाखू मळायला घेतली.

"पाणी नेहमीप्रमाणं भरायचं म्हंजे कुठनं भरायचं? कुणीतरी सांगा की. मला म्हाईत न्हाय असं समजा."

तरी कुणी बोलेना. शेवटी अण्णाच भडकले. "वरनंच की! बापजाद्यापासनं वरनंच भरतंय. वरच्यांनी भरायचं आन् उरलं तर खालच्यांनी घ्यायचं. ह्यात सांगण्यासारखं काय हाय?"

"हेच सांगायचं ऱ्हायलं होतं अण्णा," सर म्हणाले. "आजवर कुणी म्हटलंच न्हवतं. आता तुमी म्हटलंत. आता हे येका बाजूला ठेवा आन् ठराव येका बाजूला, आन् कंचं धरायचं ते तोंडानं सांगा."

तेवढं वाक्य मोठ्यानं बोललं गेल्यावर ते फार वाईट दिसायला लागलं. इतकी वर्षं ते नुसतंच होतं, तेव्हा कुणाला दिसत नव्हतं. पायरीवरून आबा म्हणाले, "ठरावावर अण्णांची बी सही हाय." आणि एक पायरी वर चढले. मागचे टेलवाले त्यांच्या मागं चढले. चेअरमनांनी ह्या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं, आणि उठून दारावरचा कागद फाडला.

अण्णा जाता जाता सरांसमोर थांबले. "तू कुणाचा रे?"

"ही चांगुलपणाची गोष्ट न्हाय अण्णा," सर म्हणाले. "येक ओळ ऱ्हायली होती."

अण्णांना ते कळलं नाही. मलाही त्या क्षणी कळलं नाही. भावाला असं उत्तर देतात का?

सकाळी आमच्या चारीला पाणी आलं. पुढं वाळका पाला आणि एक प्लास्टिकची बाटली ढकलत, हळूहळू आलं. आबा अनवाणी, रानात पाणी वळवायचं दार धरून उभे होते. पाणी पहिल्या सरीत शिरलं तेव्हा ते नुसतं "आलं" म्हणाले आणि पाठ फिरवून बराच वेळ उगीच बांधावरचं गवत उपटत राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. अण्णांच्या उसाचंही काही बिघडलं नाही. शेवटी का होईना, त्यालाही पाणी मिळालं.

बिघडलं ते सरांच्या डब्याचं. वहिनीकडून डबा यायचा बंद झाला. सर स्टँडवर केळी खाऊन तासाला यायचे आणि "केळाचा बी टाइप असतो" असं काहीतरी म्हणायचे. त्यांना वाईट वाटत होतं का, ते कळायला मार्ग नव्हता. मी घरी सांगितलं. ज्वारी हुरड्याला आल्या आल्या आईनं कणसं भाजली, हुरडा चोळला आणि मोठ्या डब्यात शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भरून माझ्या हातात दिला. "सरांना दे. गरम हाय तवर."

मी तासाला तो सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि सवयीनं वर्गाला विचारलं, "आता मी ह्याचं काय करू शकतो?"

"तसाच परत द्या सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. तेवढं एक आमचं पक्कं झालं होतं.

सर हसले आणि त्यांनी डबा उघडला. भाजक्या हुरड्याचा वास वर्गभर झाला. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि मोठ्यानं विचारलं, "कुणाच्या रानातला?"

त्यांना माहीत होतं. तरी विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता, आणि आता एसटी आली असं म्हणता येत नव्हतं. मी उभी राहिले आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, आबांच्या नावासकट, आडनावासकट. मग म्हटलं, "आमच्या. टेलचं शेवटचं रान."

"लई गोड हाय," सर म्हणाले. मग डबा घेऊन ते चालत चालत वर्गाच्या पार शेवटच्या बाकापाशी गेले आणि तिथून वाटायला सुरुवात केली. डबा बाकाबाकानं पुढं सरकत आला. पोरांनी मुठी भरल्या, दोन्ही पूजांनी ओंजळी भरल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर आईनं डबा हलवून बघितला. रिकामा. ती खूश झाली.

"तुला मिळाला का न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं. "मी हेडला बसते."